कारण : कटकट

२ सप्टेंबर

प्रिय मामा,

तू सांगितलं होतंस, कुठेही नोकरी कर पण त्या कोठारात नको. मी ऐकलं नाही. त्याबद्दल काय ओरडायचं ते एकदाच पत्रात ओरडून घे, म्हणजे पुढचं बोलता येईल. फोनवर तर तुला काहीच ऐकू येत नाही. मागच्या वेळी मी दहा मिनिटं घसा फोडून बोलले आणि तू शेवटी म्हणालास, "हो हो, जेवलो."

तीन महिने झाले. लसींचं कोठार तसंच आहे, तुझ्या वेळचं. पलीकडच्या इमारतीत आठ कोल्ड रूम, अलीकडे आपली मशीनची खोली, मध्ये सिमेंटचं अंगण. तुझी खुर्ची अजून आहे, एक हात मोडका. आणि तुझं ते जुनं युनिक्स मशीन अजून सगळ्या खोल्यांचं तापमान इमानेइतबारे लिहून ठेवतं. नोव्हेंबरच्या नऊ तारखेला ते कायमचं बंद होणार आणि त्याचं सगळं काम नव्या मशीनवर जाणार. ते सगळं हलवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

आता मुद्दा. हलवण्याआधी साफसफाई करावी म्हणून लॉगच्या, म्हणजे मशीनच्या नोंदवहीच्या, फाइलीतले तुझे जुने नियम मी काढून टाकले. हे लिहू नको, ते गाळ, असे बरेच होते. दुसऱ्या दिवशी बघते तर लॉग भरून वाहतोय. कर्नल, म्हणजे मशीनचा अगदी आतला गाभा, एकच ओळ सांगतोय : "पोर्ट पाच, लाइन तुटली." आणि त्याखाली तुझं ते आवडतं वाक्य, "मागचाच संदेश २१४ वेळा आला." मग ३०६ वेळा. मग १८०.

पोर्ट पाच म्हणजे पाच नंबरच्या खोलीतल्या तापमानाच्या सेन्सरची तार मशीनला जिथे जोडतात ते तोंड. ती खोली सतरा वर्षं बंद आहे. तिथे सेन्सर नाही, वीज नाही, काही नाही. तुटायला लाइन आहेच कुठे?

पाच नंबर म्हणजे बाबा गेले ती खोली. मी अजून त्या दाराकडे गेलेले नाही. जायला हवं असं रोज वाटतं आणि रोज दुसरं काम निघतं.

उत्तर ऑफिसच्या पत्त्यावर पाठव. तुझं पत्र घरी आलं की आई ते आपलंच समजून फोडते, आणि पाच नंबरचा विषय तिच्यासमोर नको. ती बरी आहे. गुडघा सोडला तर सगळं कुरकुरणं पूर्वीसारखंच.

तुझी,
खारू


९ सप्टेंबर

खारूताई,

ओरडत नाही. ओरडून तू कधी ऐकलंयस? झाडावर चढू नको म्हटलं की दोन फांद्या वर जायचीस.

तुझ्या पोर्ट पाचचं काही विशेष नाही. तार कापलेली असली तरी भिंतीतला तिचा तुकडा अजून पोर्टाला जोडलेला आहे. असा लोंबता तुकडा हवेतलं काहीबाही पकडतो. शेजारी मोटर सुरू झाली, कुणी लिफ्ट चालवली, की कर्नलला वाटतं लाइन तुटली. त्याला सांगणार कोण की बाबा रे, लाइन नाहीच आहे! तो बिचारा सांगत बसतो.

आणि मागचाच संदेश इतक्या वेळा आला असं जे येतं, त्याला नावं ठेवू नको. सारखी ओळ हजारदा लिहून डिस्क भरण्यापेक्षा एकदा लिहून पुढे आकडा टाकणं शहाणपणाचं. मी असतो तर जुना नियम परत घातला असता आणि चहाला गेलो असतो. तूही तेच कर. काहीही बदलशील तेव्हा वर तारीख आणि कारण लिहायला विसरू नको. तेवढी एकच शिस्त मी तुला शिकवली, तेवढी तरी पाळ.

पाच नंबरकडे जाऊ नकोस. जुन्या खोलीत उगाच पाय घसरायचा.

माझं ठीक चाललंय. कान तेवढे गेले. घराचं दार दिवसभर उघडंच ठेवतो, म्हणजे येणाऱ्याला वाजवायला नको आणि मला ऐकू न आल्याचा दोष नको. परवा शेजाऱ्याचं कुत्रं सरळ आत येऊन माझ्या खुर्चीत बसलं. मी त्याला उठवलं नाही.

आईला काही सांगू नकोस.

मामा


१६ सप्टेंबर

प्रिय मामा,

चहाला गेले नाही. तुझीच भाची आहे, कारण सापडेपर्यंत मला घास उतरत नाही.

तू म्हणालास लोंबता तुकडा. म्हणून मी भिंतीतला डबा उघडला आणि तो तुकडा पोर्टापासून सोडवून हातात घेतला. वीतभर तार, टोकाला गंज. दुसऱ्या दिवशी संदेश चालूच. मग पोर्टाच्या तोंडाला बूच लावलं. संदेश चालूच. मग मोठ्या मॅडमची परवानगी घेऊन मशीन बंद केलं आणि ज्या कार्डावर तो पोर्ट आहे ते कार्डच उपटून काढलं. ते आत्ता माझ्या टेबलावर आहे, त्यावर मी हे पत्र लिहायचे कागद ठेवलेत.

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी परत "पोर्ट पाच, लाइन तुटली."

मामा, ज्याला पोर्टच नाही त्याची लाइन तुटते कशी? माझ्या शेजारी बसणारे नोंदवाले काका म्हणाले, "मशीन म्हातारं झालंय, बडबडतंय." मला हसू आलं, पण फार वेळ नाही.

मग मी ते आकड्याचं वाक्य बंद केलं. म्हटलं, शहाणपण राहू दे बाजूला, प्रत्येक ओळ वेगळी लिही आणि पुढे वेळ टाक. दोन दिवस तसं ठेवलं. रोज सकाळी १० वाजून ४१ मिनिटांनी सुरू होतं. दुपारी तीनला चार मिनिटं कमी असताना थांबतं. सुटीच्या दिवशीही. इतर वेळी एक ओळ नाही.

आणि ओळी सारख्या अंतरानं येत नाहीत. आधी दोन लागोपाठ. मग जरा थांबून तीन लागोपाठ. मग मिनिटभर काही नाही. मग परत दोन, परत तीन. तू जी गंमत आकड्यात गुंडाळून ठेवली होतीस ती उलगडली तर अशी निघाली.

मी बोटांनी टेबलावर वाजवून पाहिलं. टक टक. टक टक टक. आणि माझा हात तिथेच थांबला, कारण हे वाजवायला मला शिकावं लागलं नाही. बाबा घरी आले की स्वयंपाकघराच्या दारावर असंच वाजवायचे. तू आमच्याकडे आलेला असलास की आतून ओरडायचास, "आले हो मेकॅनिकसाहेब, ताट वाढा!" मी अजूनही कुणाचं दार वाजवते तेव्हा हात तसाच पडतो.

मला भीती वाटतेय मामा. उगाच शूरपणा कशाला करू? तू सांग हे काय आहे, म्हणजे मी मानीन.

खारू


२४ सप्टेंबर

खारू,

हे ताबडतोब थांबव. नियम परत घाल. आकडा टाकणं परत चालू कर. जुनं मशीन नऊ नोव्हेंबरला बंद होणार आहे ना, मग तोवर त्याला गप्प पडू दे. प्रत्येक गोष्टीत काहीतरी शोधायची तुझी खोड चांगली नाही. दोन आणि तीन असं माणूस कशातही मोजतो. घड्याळाकडे बघत बसलीस तर तेही तुला हाका मारेल.

तुझे बाबा एका क्षणात गेले. त्यांना काही कळलंसुद्धा नाही. डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

मामा


६ ऑक्टोबर

मामा,

मी तुला बाबा कसे गेले हे विचारलंच नव्हतं.

तुझं पत्र मी चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. मग एक गोष्ट केली जी आधीच करायला हवी होती. नियम परत घाल म्हणतोस ना, तर तो नियम नीट वाचावा म्हणून जुन्या फाइलीची जपून ठेवलेली प्रत काढली. मी साफसफाई करताना न वाचताच उडवला होता. तुझी शिस्त मोठी पक्की. नियमाच्या वर तारीख आहे, वेळ आहे आणि कारण आहे.

"८ नोव्हेंबर, ११.५२. कारण : कटकट."

आठ नोव्हेंबर, मामा. आमच्या घरी त्या तारखेला आई कुणाशी बोलत नाही.

मग मी सामानाच्या खोलीत गेले. त्या मशीनला तेव्हा एक प्रिंटर जोडलेला असायचा, कर्नल जे बोलेल ते सरळ कागदावर छापणारा. तुझे नियम, तुझे आकडे त्याला लागू नव्हते, कारण ते सगळं लॉगच्या फाइलीसाठी. तू कागद कधी फेकत नाहीस. त्या वर्षीचा गठ्ठा खोक्यात होता, वर तुझ्या अक्षरात महिना.

कागदावर घड्याळाची वेळ नसते, मशीन सुरू केल्यापासून किती सेकंद झाले तेवढं असतं. त्या रविवारी तू मशीन नऊला सुरू केलंस, ते तुझ्या कामाच्या वहीत आहे. मी हिशेब मांडला. पहिली ओळ ६०६० सेकंदांवर. म्हणजे १० वाजून ४१. शेवटची ओळ २१३६० वर. म्हणजे तीनला चार मिनिटं कमी. मध्ये सव्वाचार तास, मामा. एक हजार एकशे चाळीस ओळी. मी सगळ्या मोजल्या, पट्टी लावून, दोनदा.

सुरुवातीला दोन-तीन, दोन-तीन, अगदी घाईघाईनं. बारानंतर अंतर वाढत जातं. शेवटी शेवटी तीनच्या जागी दोनच ओळी आहेत, तिसरी पुष्कळ उशिरा. शेवटचं दोन-तीन अर्धंच आहे.

तुझा नियम ११.५२ चा. त्याच्यानंतर तीन तास बाकी होते.

मला आता सगळं सांग. मी नऊ वर्षांची होते तेव्हा तू मला मांडीवर घेऊन सांगितलंस की बाबांना काही कळलं नाही. आई आजही हेच वाक्य बोलते. कुणी सांत्वनाला आलं की सगळ्यांत आधी हेच. एका क्षणात गेले हो, त्यांना काही कळलं नाही.

उत्तर ऑफिसच्या पत्त्यावर.

खारू


१९ ऑक्टोबर

खारू बाळा,

हे पत्र पाच वेळा लिहिलं आणि पाच वेळा फाडलं. हे सहावं. आता फाडत नाही.

त्या दिवशी कोठार बंद होतं. मी जुनी डिस्क नव्यावर उतरवायला आलो होतो, आणि तुझे बाबा पाच नंबरचा पंखा बघायला. दोघं एकाच रिक्षातून आलो. अंगणात तो म्हणाला, "एकपर्यंत आटपतो, मग बरोबर जाऊ." मी हो म्हटलं. तो पलीकडे गेला.

पाच नंबरच्या दाराला आतून उघडायचा दांडा होता. त्यावर बर्फ धरून तो अडकायचा. हे त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, सगळ्यांना ठाऊक होतं. त्याची दुरुस्ती पुढच्या आठवड्यात व्हायची होती. दाराला अडकण लावून तो आत जायचा. त्या दिवशी ती अडकण सरकली असेल. कोट बाहेर खुंटीवर, फोन कोटात. भिंती हातभर जाड. ओरडून काय होणार?

आत एकच गोष्ट होती जी बाहेर पोचत होती, ती सेन्सरची तार. ती माझ्याकडे येते हे त्याला पक्कं माहीत होतं, कारण ती आम्ही दोघांनी मिळून ओढली होती. प्लग उपटला की माझ्याकडे ओळ पडते. परत लावला तर काही पडत नाही, मशीन जोडल्याची नोंद करत नाही, फक्त तुटल्याची करतं. म्हणून तो उपटत राहिला. लावायचा, उपटायचा. त्याला खात्री होती की पलीकडे मी बसलोय आणि बघतोय.

आणि मी बसलो होतो. बघत होतो.

मला काय दिसलं ते सांगतो. "पोर्ट पाच, लाइन तुटली." त्याखाली, मागचाच संदेश ४१ वेळा आला. मग ६० वेळा. मी म्हटलं, हा तिकडे पंखा खोलतोय, तार हलत असेल. डिस्कचं काम मध्येच अडत होतं, स्क्रीन सारखा वर सरकत होता. मागे प्रिंटर खडखडत होता, मी उठून त्याचं झाकण लावलं आणि वर उशी ठेवली. खारू, प्रिंटर दोन आणि तीनच वाजवत होता. ते माझ्या कानावर पडत होतं आणि मी ऐकलं नाही. मग मी ती ओळ गाळायचा नियम लिहिला. वर तारीख, वेळ, कारण : कटकट. नंतर अगदी शांत वाटलं, काम भराभर झालं. एक वाजला, मला वाटलं त्याचं लांबलं असेल. दोनला वाटलं, न सांगता घरी गेला असेल, भेटू दे मग बघतो त्याला. मी एकटाच निघून गेलो.

सहाला तुझ्या आईचा फोन आला, अजून आले नाहीत. चौकीदाराला घेऊन मी दार उघडलं. तो भिंतीला टेकून बसला होता. प्लग मुठीत होता. चौकीदार वळायच्या आत तो मी मुठीतून काढून खिशात घातला. तिथून सगळं खोटं सुरू झालं. डॉक्टर एवढंच म्हणाले की हृदय थांबलं. एका क्षणात हे माझं वाक्य.

मंगळवारी मी स्वतः तार कापली. बुधवारी १० वाजून ४१ मिनिटांनी प्रिंटर सुरू झाला. मी प्रिंटर कायमचा काढून टाकला. नियम होता म्हणून लॉगमध्ये काही येत नव्हतं. नोकरी सोडली त्या दिवशी मन घट्ट करून एकदा नियम उठवला. लगेच आलं, दोन आणि तीन. परत घातला आणि पळालो. म्हणून तुला तिथे नको म्हणत होतो.

माझे कान ठणठणीत आहेत. दारावरची थाप तेवढी सहन होत नाही, म्हणून दार उघडं आणि फोन नको.

माफी मागायला तोंड नाही. एकच मागतो. तुझ्या आईला हे कळू देऊ नकोस. ती त्या एका वाक्यावर उभी आहे. हे पत्र ऑफिसच्या पत्त्यावर टाकतोय.

मामा


२७ ऑक्टोबर

मामा,

ऑफिसच्या पत्त्यावर टाकतोय असं लिहिलंस आणि पाकिटावर सवयीनं घरचा पत्ता घातलास. पंचवीस वर्षं जो लिहिलास तोच हातातून उतरला असेल. आईनं ते फोडलं. मी घरी आले तेव्हा ती ओट्याशी उभी होती, भाजी अर्धी चिरलेली, आणि पत्र घड्याळाखाली नीट घडी करून ठेवलेलं. "वाच," म्हणाली. मी वाचेपर्यंत तिनं उरलेली भाजी चिरली. रडली नाही. काल फक्त म्हणाली, "लिहायचे चार कागद आणून दे."

माझं सांगायचं तर मला तुझा राग आला आहे. इतका की दोन दिवस तुझं नाव काढलं नाही. मला सायकल तू शिकवलीस, गणितं तू शिकवलीस, मशीनसमोर पहिल्यांदा तू बसवलंस. बाबांच्या जागी तुला बसवून मी मोठी झाले, आणि खिशात प्लग घेऊन तू तिथे बसलास. हे मला अजून गिळता आलेलं नाही. पुढे येईल का, माहीत नाही.

आज मी पाच नंबरचं दार उघडलं. चौकीदाराकडून किल्ली घेतली आणि साडेदहाला जाऊन उभी राहिले. नोंदवाल्या काकांना मशीनसमोर बसवलं, फोन चालू ठेवून. आत काही नाही मामा. रिकामे लोखंडी रॅक, धूळ, भिंतीत सेन्सरच्या जागी चार भोकं. गारही नाही, उलट कोंदट. दार सताड उघडं ठेवून मी त्या भोकांसमोर उभी होते.

१०.४१ ला फोनवर काका म्हणाले, "आली." मग म्हणाले, "दोन. आता तीन." मी भिंतीला हात लावला. भिंत गप्प होती. मी म्हटलं, "बाबा, मी आहे, दार उघडंय." काका म्हणाले, "परत दोन."

तासभर थांबले. दार उघडं, मी आत, आणि लॉगमध्ये ओळी येतच होत्या. ते मला बोलावत नाहीत, मामा. मी तेव्हा नऊ वर्षांची होते, शाळेच्या मैदानावर खेळत होते. बाबा तार उपटत होते ती तुझ्यासाठी.

यंदाही आठ नोव्हेंबरला रविवार आहे. नऊला मशीन बंद होईल, मग ओळी कुठे येणार? त्याआधी ये. मी बोलावते आहे याचा अर्थ राग गेला असा घेऊ नकोस.

खारू


२९ ऑक्टोबर

दादा,

तुला पत्र लिहायची सवय मोडली आहे, अक्षर सांभाळून घे.

पोरगी समजते की मी त्या वाक्यावर उभी आहे. तूही तेच समजलास. सतरा वर्षं मी ते वाक्य सगळ्यांना ऐकवलं ते खरं. पण ते मी लोकांना सांगत नव्हते, स्वतःला सांगत होते. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की ते खोटं आहे.

त्या रविवारी पावणेअकराला स्वयंपाकघराच्या दारावर थाप आली. दोन आणि तीन. मी म्हटलं, इतक्या लवकर कसे आले? दार उघडलं, कोणी नाही. परत ओट्याशी आले, परत थाप. परत उघडलं. चौथ्यांदा उघडलं तेव्हा मी बाहेर जाऊन जिनाही बघून आले. वाटलं, कुणीतरी आपली चेष्टा करतंय. कणीक हातात, गॅसवर दूध, आणि हे चाललेलं. मग मी दाराला कडी घातली आणि रेडिओ मोठा केला. तोंडानं मी काय म्हणाले ते आजही आठवतं. म्हणाले, "काय कटकट आहे!"

तुझ्या पत्रात तो शब्द वाचला आणि मी हातातली सुरी खाली ठेवली.

रेडिओमधून मधून मधून ऐकू येत होती ती थाप. उशिरापर्यंत. मी ती ऐकू येत नाही असं केलं. तुला निदान मशीननं आकडाच दाखवला. मला तर त्यांची थाप ओळखू येत होती, दादा. मी ती ओळखली आणि कडी घातली.

हे मी कुणाला सांगितलं नाही, पोरीलाही नाही. तिला आज हे पत्र टाकायला देण्याआधी वाचायला देणार आहे.

तुझ्यावर रागवायचं मी ठरवून पाहिलं, जमलं नाही. मला रागवायचा हक्क कुठे आहे? तो माणूस दोन दारं वाजवत होता, एक तुझं आणि एक माझं. मी एकटी गेले तर अर्धंच होईल, तू एकटा गेलास तरी अर्धंच.

शनिवारी ये. आपल्या घरीच उतर, दुसरीकडे कुठे जाऊ नकोस. रविवारी साडेदहाच्या आत तिथे पोचू. तो प्लग अजून तुझ्याकडे आहे हे मला सांगायला नको, घेऊन ये. खारू म्हणते आत गार नाही, तरी स्वेटर आण.

तुझी बहीण


११ नोव्हेंबर

प्रिय मामा,

नीट पोचलास का? आईनं डब्यात दिलेलं गाडीत खाल्लंस की नेहमीसारखं घरी जाऊन?

रविवारी तुम्ही दोघं आत होतात तेव्हा मी मशीनसमोर होते. तेव्हा काय आलं ते तिथे सांगायचं धाडस झालं नाही, आणि तुम्हीही विचारलं नाहीत. आई तर बाहेर आल्यावर इतकी दमली होती की मी तिला थेट घरी नेलं. म्हणून आता लिहिते.

१०.४१ ला दोन ओळी आल्या. मग तीन. नोंदवाले काका माझ्या मागे उभे होते. खिडकीतून अंगणापलीकडे पाच नंबरचं दार दिसत होतं. तुम्ही आत गेलेले मला दिसलात, आई तुझ्या दंडाला धरून. मिनिटभराने पुढची दोन यायची वेळ झाली, ती आली नाही. मी वाट बघत राहिले. दहा वाजून चव्वेचाळीसला एक ओळ आली. मी ती तीनदा वाचली, काकांनाही वाचायला लावली.

"पोर्ट पाच, लाइन जोडली."

तूच लिहिलं होतंस की हे मशीन जोडल्याची नोंद करत नाही. मी त्याच्या गाभ्यातलं सगळं पुन्हा तपासलं. असं वाक्य त्याच्यात कुठेच नाही. त्या वेळी तू काय करत होतास ते मला आईनं काल रात्री जेवताना सांगितलं. त्या चार भोकांमध्ये मावेल तसा प्लग टेकवून धरला होतास, आणि तो निसटू नये म्हणून तिनं वरून आपला हात दाबला होता.

त्यानंतर काही आलं नाही. तीनला चार मिनिटं कमी झाली तेव्हाही नाही. सोमवारी मशीन बंद करायच्या आधी मी दिवसभर लॉग उघडा ठेवला. कोरा होता.

स्वयंपाकघराच्या दाराची कडी आईनं कालपासून दिवसा काढून ठेवली आहे. तू तुझं दार आता लावलंस तरी चालेल, निदान कुत्र्यासाठी तरी लाव. राग थोडा शिल्लक आहे, पण तो मी आता तुझ्या तोंडावर दाखवू शकते, फोनवर. बहिरेपणाचं नाटक संपलं. रविवारी फोन करीन, उचल.

नव्या मशीनवर जुनी फाइल चढवताना तुझा तो नियम काढला. रिकामी जागा मात्र तशीच सोडली नाही. तुझ्या शिस्तीप्रमाणे तिथे तारीख, वेळ आणि कारण लिहून ठेवलं.

"८ नोव्हेंबर, १०.४४. कारण : दार उघडलं."

तुझी,
खारू